डोळा, बोट आणि आवाज : टोकियोपासून परळीपर्यंत

बीड जिल्ह्यात रेल्वेची दोन वयं आहेत. परळी वैजनाथला निजामाच्या राजवटीतच रूळ आले. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येणारे भाविक त्या वाटेने उतरले आणि पुढे औष्णिक वीज केंद्र उभं राहिल्यावर कोळशाच्या वाघिणीही त्याच वाटेने आल्या. खुद्द बीड शहराला मात्र १७ सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबावं लागलं. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या वर्धापनदिनी बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला होता १९९५ च्या सुमारास. त्यातला अहिल्यानगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि आष्टीहून बीड गाठायला आणखी तीन वर्षं गेली. निवेदनं, मोर्चे आणि निवडणुकीतली आश्वासनं यांत एक अख्खी पिढी सरली.

या मार्गाच्या राजकारणावर पुष्कळ लिहून झालं आहे. गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कामावर फारसं कोणी लिहीत नाही, आणि बीड जिल्ह्याला त्या कामाशी जोडणारी एक गोष्ट तर जिल्ह्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे. रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ ही स्वदेशी यंत्रणा देशात सर्वांत आधी बसली ती दक्षिण मध्य रेल्वेवर, १,४६५ किलोमीटर मार्गावर. त्यात बीदर–परळी वैजनाथ–परभणी हा २४१ किलोमीटरचा टप्पा आहे. मुंबई–दिल्ली आणि दिल्ली–हावडा या देशातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांवर कवचाचं काम चालूच होतं, तेव्हा परळी आणि घाटनांदूरच्या रुळांवर ते येऊन पोचलं होतं. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावात रेल्वे नव्हती, त्याच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात देशातली सर्वांत नवी सुरक्षा यंत्रणा आली होती.

चालकाच्या डोळ्यावर सगळा भार टाकायचा नाही, त्याच्या मागे यंत्राचा पहारा ठेवायचा, आणि तरीही चालकाची सवय ढिली पडू द्यायची नाही, हा या यंत्रणेमागचा विचार. तो सर्वांत काटेकोरपणे अमलात आला जपानमध्ये, साठ वर्षांपूर्वी. त्याचा इतिहास परळी-बीडच्या वाचकाने समजून घ्यावा असा आहे.

रक्ताने शिकलेला देश

जपानी माणूस जात्याच शिस्तीचा, असं म्हणून आपण मोकळे होतो. जपानी रेल्वेचा इतिहास हे म्हणणं खोटं पाडतो. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. जपानची पहिली रेल्वे शिंबाशी ते योकोहामा सुरू झाली १८७२ मध्ये. म्हणजे रेल्वेच्या बाबतीत आपण त्यांच्याहून एकोणीस वर्षांनी थोरले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर जपानची रेल्वे अपघातांनी पोळली होती. फेब्रुवारी १९४७ मध्ये हाचिको मार्गावर वळणावर गाडी घसरली आणि १८४ माणसं गेली. एप्रिल १९५१ मध्ये साकुरागिचो स्टेशनात लोकल गाडीने पेट घेतला. दारं उघडेनात, खिडक्यांतून बाहेर पडता येईना. त्या आगीत शंभरावर प्रवासी जागीच होरपळले.

३ मे १९६२ ची रात्र जपानच्या रेल्वेला कायमची लागून राहिली. टोकियोतल्या मिकावाशिमा स्टेशनाजवळ एका मालगाडीच्या चालकाकडून लाल सिग्नल निसटला. गाडी रूळ सोडून कलंडली आणि शेजारच्या रुळावरून चाललेल्या लोकलला घासली. इथपर्यंत हानी मर्यादित होती. घाबरलेले प्रवासी लोकलचे दरवाजे उघडून खाली उतरले आणि अंधारात रुळांवरून चालू लागले. समोरून येणाऱ्या तिसऱ्या गाडीला थांबवायचं कोणाला सुचलं नाही. काही मिनिटांनी ती गाडी त्या गर्दीत आणि त्या डब्यांत घुसली. १६० माणसं मेली.

दीड वर्षाने, ९ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्सुरुमीला मालगाडीची वाघीण घसरली आणि तिच्यावर दोन लोकल गाड्या आदळल्या. आणखी १६१ माणसं गेली. त्या वेळी टोकियो ते ओसाका या नव्या वेगवान मार्गाचं, म्हणजे शिंकान्सेनचं, काम अखेरच्या टप्प्यात होतं. उद्घाटनाला अकरा महिनेसुद्धा उरले नव्हते. साध्या गाड्या सांभाळता न येणारा देश ताशी २१० किलोमीटरने गाडी चालवणार होता. त्या काळात अनेकांना हा वेडेपणा वाटला तर त्यात नवल नाही.

त्या मार्गाचे जनक दोन. जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा. शिमा यांचा विचार असा की, चालकाला जे जमणारच नाही ते त्याच्याकडून मागायचं नाही. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात रुळालगतचा सिग्नल डोळ्यांसमोरून क्षणात सरतो. पाऊस, धुकं, अंधार असेल तर दिसतही नाही. म्हणून रुळालगतचे सिग्नलच काढून टाकले. किती वेगाने जायचं हा हुकूम रुळांतून विजेच्या संकेताने थेट चालकाच्या समोरच्या फलकावर आणला. गाडी त्या मर्यादेपेक्षा वर गेली की ब्रेक आपोआप लागतात. शिवाय संपूर्ण मार्गावर एकही फाटक ठेवलं नाही. मालगाड्या नाहीत, लोकल नाहीत, रूळ ओलांडणारा माणूस वा गुरं नाहीत. अपघाताची जी कारणं मुळातूनच उपटता येतील ती उपटून टाकायची आणि उरतील तेवढ्यांसाठी चालक तयार करायचा, असा हा मार्ग आखला गेला.

खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला. सोगो आणि शिमा या दोघांनाही १९६३ मध्ये पद सोडावं लागलं. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली शिंकान्सेन टोकियोहून सुटली, तेव्हा ते दोघे त्या समारंभाचे मानकरी नव्हते. त्यांनी घातलेली घडी मात्र टिकली. गेल्या साठ वर्षांत अब्जावधी प्रवाशांनी शिंकान्सेनने प्रवास केला आणि गाडी घसरून किंवा दोन गाड्यांची टक्कर होऊन त्यांतला एकही प्रवासी दगावलेला नाही. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निगाताच्या भूकंपात ताशी २०० किलोमीटरच्या वेगातली ‘तोकी ३२५’ रुळांवरून उतरली, तरीही कोणी मेलं नाही. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात ईशान्य जपानमध्ये धावणाऱ्या शिंकान्सेन गाड्या भूकंपमापकांच्या इशाऱ्याने आपोआप थांबल्या आणि प्रवासी सुखरूप राहिले.

बोट दाखवा, मोठ्याने बोला

इतकी यंत्रं असताना चालकाने करायचं काय? जपानी चालकाची केबिन जवळून पाहिली तर उत्तर मिळतं. समोरच्या फळीवर एक खोबण असते. तिच्यात चालक आपलं घड्याळ ठेवतो. वेळापत्रक मिनिटांत नसतं, सेकंदांत असतं. हातात पांढरे मोजे. दारं बंद झाल्याचा दिवा लागला की चालक त्याच्याकडे बोट करतो आणि मोठ्याने म्हणतो, दारं बंद. फलकावरच्या वेगाकडे बोट करतो आणि आकडा उच्चारतो. घड्याळाकडे बोट करून वेळ म्हणतो. मग गाडी हलते. केबिनमध्ये दुसरं कोणी नाही. तो हे कोणाला ऐकवत नाही, स्वतःलाच बजावतो.

या पद्धतीला जपानीत ‘शिसा कान्को’ म्हणतात. बोट दाखवायचं आणि उच्चारायचं. तिचा उगम विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोबे शहरातल्या वाफेच्या इंजिनांत सांगितला जातो. एका चालकाची नजर अधू होऊ लागली होती. सिग्नल आपल्याला बरोबर दिसला की नाही याची खात्री करायला तो मोठ्याने सांगे आणि शेजारचा फायरमन त्यावर हो किंवा नाही म्हणे, अशी त्यामागची हकिकत आहे. कोबेच्या रेल्वे कार्यालयाने पुढे ही रीत नियमात घातली आणि तिथून ती देशभर पसरली.

सवय कामाची आहे की नुसता उपचार, हेही जपान्यांनी तपासलं. त्यांच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने १९९४ मध्ये साध्या बटणांचा प्रयोग केला. बोट न दाखवता, न बोलता काम केलं तेव्हा शंभर कृतींमागे २.३८ चुका झाल्या. बोट दाखवून आणि उच्चारून केलं तेव्हा त्या ०.३८ वर आल्या. म्हणजे जवळपास पंच्याऐंशी टक्के चुका एका बोटाने आणि एका शब्दाने टळल्या. सरावाचं काम हात आपोआप करत असतो आणि मन दुसरीकडे गेलेलं असतं. बोट उचलायचं, तोंड उघडायचं, आपलाच आवाज कानाने ऐकायचा, एवढं झालं की मन परत जागेवर येतं.

शिंकान्सेनच्या चालकाचं कसब शेवटच्या काही शे मीटरमध्ये दिसतं. स्टेशन जवळ आलं की यंत्रणा गाडीचा वेग टप्प्याटप्प्याने खाली आणते. सुरुवातीच्या काळात ताशी ३० किलोमीटरच्या खाली आल्यावर गाडी चालकाच्या हाती येई. सोळा डबे, चारशे मीटर लांबीची गाडी, आणि फलाटावर प्रत्येक दारासाठी ठरलेली खूण. गाडी त्या खुणेला लागली पाहिजे, उभ्या प्रवाशाला हिसका बसता कामा नये आणि घड्याळही पाळलं गेलं पाहिजे. दिवसभरात हे कितीदा तरी करायचं. आपण ज्या वक्तशीरपणाचं कौतुक करतो, तो अशा हातांतून येतो. रात्री सगळ्या गाड्या बंद ठेवून रुळांची देखभाल होते आणि पहाटेच्या पहिल्या गाडीआधी एक तपासणी वाहन मार्गावरून फिरून येतं. चालकाच्या एका बोटामागे एवढी माणसं रात्रभर जागलेली असतात.

शिस्तीचा दुसरा चेहरा

जपानचं कौतुक करताना २५ एप्रिल २००५ ची सकाळ वगळता येत नाही. ती घटना शिंकान्सेनवरची नव्हती. ओसाकाजवळच्या फुकुचियामा या साध्या लोकल मार्गावर, आमागासाकी इथे, ती घडली. चालक तेवीस वर्षांचा होता. आधीच्या स्टेशनात त्याची गाडी खुणेच्या सत्तर मीटर पुढे गेली होती. मागे आणावी लागली, त्यात दीडएक मिनिट गेलं. तो उशीर भरून काढायला त्याने ताशी ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ११६ च्या वेगाने गाडी घातली. डबे एका इमारतीवर आदळले. चालकासह १०७ माणसं मेली.

चौकशीत जे पुढे आलं त्याने जपान हादरला. त्या रेल्वेत चूक करणाऱ्या चालकाला ‘पुनर्प्रशिक्षणा’ला पाठवत. नाव प्रशिक्षणाचं, पण प्रत्यक्षात अपमान. पानंच्या पानं कबुलीजबाब लिहून घेणं, वरिष्ठांनी सगळ्यांसमोर झापणं, झाडलोटीसारखी कामं करायला लावणं. हा तरुण एकदा त्यातून गेला होता. खुणेच्या किती पुढे गेलो हे कमी करून सांगायची विनंती त्याने त्या दिवशी गार्डला केली होती. वळण आलं तेव्हा त्याचं लक्ष गार्ड आणि नियंत्रण कक्ष यांच्यातल्या संभाषणाकडे लागलं असावं, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष होता. वळणावर वेग रोखणारी नवी स्वयंचलित यंत्रणा त्या मार्गावर अजून बसलेली नव्हती.

या एका अपघातात साऱ्या विषयाचं सार आलं आहे. यंत्राचा पहारा नव्हता आणि माणसाच्या मनात धाक होता. सेकंदांची शिस्त तिथेही होती, बोट दाखवणंही होतं. पण चूक झाल्यावर ती सांगायची सोय नव्हती. ज्या सवयीच्या मुळाशी भीती असते, ती ऐन वेळी माणसाला चुकीच्या दिशेला ढकलते. जपानने पुढे चूक नोंदवण्याच्या पद्धती बदलल्या आणि वेळापत्रकं सैल केली. त्यासाठी शंभरावर माणसं जावी लागली.

आपल्या घाटातली शिकवण

चालकाच्या मागे पहारा ठेवण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर काय, या प्रश्नाला तिथे जे उत्तर दिलं गेलं ते आजही चालू आहे. मुख्य मार्गाला फुटलेली, चढावर जाऊन संपणारी एक आडवाट ठेवायची. तिला कॅच सायडिंग म्हणतात. रुळांचे सांधे मुळात त्या आडवाटेलाच लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचं, मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. चालकाच्या शब्दावर विसंबायचं नाही, त्याच्याकडून प्रत्यक्ष करून घ्यायचं. जपानमध्ये रेल्वे सुरू होण्याच्या नऊ वर्षं आधी सह्याद्रीत ही रीत होती.

कोकण रेल्वेने असाच धडा भारी किमतीने घेतला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीचे दगड रुळांवर आले आणि पन्नासहून अधिक प्रवासी मेले. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर पावसाळ्यात वेगावर मर्यादा, गस्त आणि वेगळं पावसाळी वेळापत्रक ही शिस्त घट्ट झाली. गाडी उशिरा पोचते म्हणून कुरकुरणाऱ्या प्रवाशाने त्या दोन जून महिन्यांची आठवण ठेवावी.

भारतीय लोको पायलटच्या सवयीही पाहण्यासारख्या आहेत. कामावर येताना लॉबीत साइन ऑन करायचं, श्वासातून मद्यतपासणी द्यायची, मार्गावर कुठे रुळांचं काम आहे आणि कुठे वेग कमी ठेवायचा याची कॉशन ऑर्डर वाचून सही करायची. नव्या मार्गावर एकदम गाडी मिळत नाही. आधी एलआर, म्हणजे लर्निंग रोड. जाणत्या चालकाबरोबर दिवसा आणि रात्री फेऱ्या करून प्रत्येक सिग्नल, चढ, वळण, फाटक डोक्यात बसवायचं. कडा, अमळनेर, विघनवाडी ही स्टेशनं प्रवाशाला आज नवी आहेत. चालकाने ती अंधारातही ओळखली पाहिजेत.

गाडी चालू लागली की पायलट आणि असिस्टंट दोघे प्रत्येक सिग्नल हात उंचावून पुकारतात. डिस्टंट सिग्नल दिसला की एक म्हणतो, डबल यलो. दुसरा खात्री करून तेच म्हणतो. मग होम, मग स्टार्टर. कोबेतल्या त्या चालक-फायरमनच्या जोडीची ही आपली भावंडं. रुळालगत पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ अशी अक्षरं दिसतात. सीटी द्या, पुढे फाटक आहे. चालकाने तिथून फाटक ओलांडेपर्यंत शिटी वाजवत राहायचं असतं. केबिनमध्ये दक्षता तपासणारं उपकरण असतं. मिनिटभर कशालाही हात लावला नाही की ते आधी दिवा लावतं, मग ओरडतं, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लावतं.

सातारा जिल्ह्यातून आलेल्या सुरेखा यादव या देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली आणि ३० सप्टेंबर २०२५ ला त्या निवृत्त झाल्या. मालगाडीपासून वंदे भारतपर्यंत इंजिनं बदलत गेली. सिग्नल पुकारण्याची रीत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तीच राहिली.

परळीच्या रुळांवर

माणूस कितीही तरबेज असला तरी कधीतरी डुलकी लागते, धुकं दाटतं, लाल सिग्नल निसटतो. २ ऑगस्ट १९९९ रोजी बंगालमधल्या गायसल इथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. त्या काळात कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांनी टक्करविरोधी उपकरणाचा ध्यास घेतला. ते ईशान्य भारतात वापरूनही पाहिलं गेलं, पण अडचणी निघाल्या. पुढे रेल्वेच्या संशोधन संस्थेने, आरडीएसओने, २०१२ च्या सुमारास नवी यंत्रणा हाती घेतली. तिच्या चाचण्यांसाठी निवडला गेला दक्षिण मध्य रेल्वेचा लिंगमपल्ली–विकाराबाद–वाडी आणि विकाराबाद–बीदर हा भाग. परळीहून बीदरमार्गे हैदराबादकडे जाणारा प्रवासी याच रुळांवरून जातो. २०२० मध्ये हीच यंत्रणा देशासाठी स्वीकारली गेली. तेच कवच.

कामाची रीत सांगायला सोपी आहे. स्लीपरवर ठरावीक अंतरावर छोटे टॅग बसवलेले असतात. इंजिन त्यांवरून जाताना आपण नेमके कुठे आहोत हे ओळखतं. स्टेशनातल्या मनोऱ्यावरून रेडिओने पुढच्या सिग्नलची खबर येते आणि केबिनमधल्या पडद्यावर दिसते. वेग मर्यादेबाहेर गेला किंवा लाल सिग्नल जवळ आला आणि चालकाने काही केलं नाही, तर आधी इशारा आणि मग ब्रेक. फाटकाजवळ शिटीही आपोआप वाजते. ४ मार्च २०२२ रोजी गुल्लगुडा ते चिटगिड्डा दरम्यान एकाच रुळावर दोन इंजिनं समोरासमोर सोडली. एका इंजिनात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः बसले होते, दुसऱ्यात रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष. कवचाने इंजिन ३८० मीटर आधी थांबवलं.

परळीला याचं मोल मोठं आहे. कोळशाचा रेक म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी आणि पाच हजार टनांच्या आसपास वजन. असा रेक वेगात असला तर ब्रेक लावल्यावर जागच्या जागी उभा राहत नाही. लाल सिग्नल डोळ्याला दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. पडद्यावर तो आधीच आला तर चालकाला अवधी मिळतो.

पण कवचाला मर्यादा आहेत आणि त्या मराठवाड्याने पाहिल्या आहेत. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान सोळा मजूर मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत काम सुटलेले मध्य प्रदेशातले ते लोक जालन्याहून भुसावळकडे पायी निघाले होते आणि दमून रुळांवरच झोपले होते. चालकाने त्यांना पाहिलं, ब्रेक लावायचा प्रयत्न केला, गाडी थांबली नाही. कोणतंही कवच रुळावर झोपलेला माणूस ओळखत नाही. तिथे फक्त डोळा असतो, आणि डोळ्यालाही अंतर पुरावं लागतं. शिंकान्सेनचा मार्ग कुंपणाने बंद आहे. आपला मार्ग शेतांतून, वस्त्यांतून, गुरांच्या वाटांवरून जातो. म्हणून आपल्या चालकावरचा भार जपानी चालकापेक्षा हलका नाही. कित्येक बाबतीत तो जड आहे.

बीडच्या नव्या मार्गालाही एक इशारा मिळून गेला आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आष्टी–अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) डेमू गाडीचे पाच डबे नारायणडोहजवळ जळाले. कोणालाही इजा झाली नाही. सुदैव एकदा साथ देतं. त्यावर रेल्वे चालत नाही.

आता काय मागायचं

बीडहून वडवणीच्या अंगाने परळीकडे रूळ पोचतील, तेव्हा जिल्ह्यातली जुनी आणि नवी रेल्वे एकत्र येईल. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, पुण्यात शिकणारी मुलं, परळीला येणारे भाविक एकाच गाडीत बसतील. आजवर गाडी मागायची आपल्याला सवय होती. यापुढे सुरक्षितता मागायला शिकलं पाहिजे.

मागण्या तीन आहेत. पहिली, अहिल्यानगरपासून परळीपर्यंतच्या सबंध मार्गावर कवच हवं. परळीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा असं होता कामा नये. दुसरी, लोको पायलटला पुरेशी झोप आणि ठरलेली विश्रांती मिळालीच पाहिजे. कामाच्या तासांबद्दल आणि सलग रात्रपाळ्यांबद्दल चालकांच्या संघटना वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. ती मागणी चालकाच्या सोयीची समजू नये, ती प्रवाशाच्या जिवाची आहे. तिसरी, चालकाला झालेली चूक न घाबरता सांगता आली पाहिजे. आमागासाकीच्या १०७ जिवांनी हा धडा दिला आहे आणि तो आपण फुकट शिकू शकतो.

आपल्या वाट्यालाही एक काम आहे. फाटक बंद असेल तर खालून मोटारसायकल घालू नका. रूळ ही पायवाट नव्हे आणि शेळ्या चारायची जागाही नव्हे, हे घरातल्या पोरांना शिकवा. सेल्फीसाठी रुळांवर उभं राहणाऱ्याला हात धरून बाजूला करा. केबिनमधली दोन माणसं प्रत्येक सिग्नलला हात वर करून, मोठ्याने बोलून आपल्यासाठी जागी राहतात. त्यांच्या वाटेत आपण येऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.